ऑपरेशनचा भाव आधी का सांगत नाहीत?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे बघा ना" वीस वेळा आलं होतं ते काढलंय.)

आजचा भाग थोडा घरचा आहे. नेहमी आपण स्टार्टअप, टॅक्स, पेट्रोलचे दर असं काहीतरी घेतो. आज हॉस्पिटलच्या बिलाबद्दल बोलणार आहे. माझं शिक्षण बीटेक आणि काम सॉफ्टवेअरचं, मी डॉक्टर नाही. तेव्हा आजारावर सल्ला देणार नाही. बोलणार आहे ते फक्त भावाबद्दल, आणि भाव लपला की काय होतं त्याबद्दल.

आमचं गाव इचलकरंजी. बाबा तीसेक वर्षं एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. यंत्रमागाच्या गावात वाढलेल्यांना माहीत असेल, सुताचा भाव सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. पण सौदा होतो त्या क्षणी भाव ठरलेला असतो. काउंट कोणता, पोती किती, पैसे किती दिवसांत, सगळं आधी बोलून घ्यायचं आणि मग माल उचलायचा. बाबा असे आहेत. भाजी घेतानाही आधी भाव, मग पिशवी.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबांच्या जांघेत गाठ दिसायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हर्निया आहे. घाबरायचं कारण नाही, पण जास्त लांबवू नका, दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन करून घ्या. बाबांचा पहिला प्रश्न, "खर्च किती येईल?" उत्तर आलं, "ते ॲडमिट झाल्यावर बिलिंगवाले सांगतील."

बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "भाव न ठरवता माल उचलायचा व्हय?"

नऊ फोन

मी पुण्यात असतो. म्हटलं, बाबा, तुम्ही थांबा, मी भाव काढतो. एक शीट बनवली. हॉस्पिटलचं नाव, दुर्बिणीतून की उघडं ऑपरेशन, जाळी कोणती, किती दिवस राहायचं, एकूण खर्च. इचलकरंजी, कोल्हापूर, सांगली, मिरज आणि पुणे मिळून नऊ हॉस्पिटलांना फोन केले.

बहुतेक ठिकाणी समोरून पहिला प्रश्न एकच आला, "इन्शुरन्स आहे का?" मी भाव विचारतोय आणि ते मला विचारतायत की पैसे कोण देणार. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

चार ठिकाणी सांगितलं, पेशंटला घेऊन या, फोनवर काही सांगता येत नाही. दोन ठिकाणी सांगितलं, रूमवर अवलंबून आहे. एकाने एक आकडा सांगितला, पण त्यात जाळी धरली आहे का, भूलतज्ज्ञांची फी धरली आहे का, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. फक्त दोन ठिकाणी स्वच्छ पॅकेज मिळालं. एकाचं ४८ हजार. दुसऱ्याचं १ लाख ३५ हजार.

मी खूश झालो. बाबांना फोन केला, ४८ हजारात होतंय. बाबा म्हणाले, "एवढं स्वस्त कसं? काहीतरी गोम असणार." मग १ लाख ३५ हजारवाल्याकडे जाऊ या का? "एवढे कशाला घालायचे?"

तेव्हा मला बाबांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. सुताच्या बाजारात त्यांना रोज वीस जणांचे भाव कळायचे. त्यामुळे स्वस्त माल खरंच स्वस्त आहे की खराब, हे त्यांना ओळखता यायचं. इथे त्यांच्या हातात दोनच आकडे होते. दोन आकड्यांवरून माणूस काय ठरवणार? स्वस्तावर संशय घेतो, महागाला भितो आणि काहीच करत नाही.

काहीच केलं नाही. गणपती झाले. दिवाळी झाली. ताईच्या मुलीचं बारसं झालं. गाठ हाताने आत ढकलली की जात होती, त्यामुळे "चाललंय की" असं चाललं होतं.

जानेवारीत एका रात्री दोन वाजता बाबांना उलट्या सुरू झाल्या. गाठ दगडासारखी कडक, आत जाईना. हर्नियात आतडं अडकलं होतं. काकांनी गाडी काढली आणि उघडं असलेल्या जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या सर्जननी बाबांचा जीव वाचवला, आणि बिलाची तक्रार फक्त त्या एका हॉस्पिटलची नाही. आतड्याचा काही भाग काढावा लागला. तीन दिवस आयसीयू, सहा दिवस रूम. ताईने कुठकुठल्या कागदांवर सह्या केल्या, तिलाही आठवत नाही. त्या रात्री भाव कुणीच विचारला नाही. बाबांनीसुद्धा नाही.

बिल आलं २ लाख ८६ हजार.

आता बाबा ठणठणीत आहेत, आत्ता आईच्या मागे बसून हे ऐकतही असतील. पण त्या बिलामुळे मी वाचायला लागलो, आणि आजचा भाग त्यातूनच आलाय.

आजारी माणूस गिऱ्हाईक नसतो?

आरोग्यात बाजार आणू नका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा आधी सांगतो, कारण तो खरा आहे. केनेथ ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. पुढे १९७२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आजार कधी येईल ते कळत नाही, उपचाराचा उपयोग किती होईल ते कळत नाही, आणि डॉक्टरला जे माहीत असतं ते पेशंटला माहीत नसतं. त्यामुळे आरोग्यसेवेचा बाजार कांदे-बटाट्याच्या बाजारासारखा चालत नाही.

रात्री दोन वाजता आतडं अडकलेल्या माणसाबाबत हे शंभर टक्के खरं आहे. तिथे कसला भाव आणि कसली निवड! ते मी मान्य करून टाकतो.

पण बाबांची केस परत बघा. जुलै ते जानेवारी ते आजारी होते आणि गिऱ्हाईकही होते. चालत होते, विचारत होते, तुलना करायला तयार होते. जवळपास सहा महिने. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, मुतखडा, मूळव्याध, गुडघे बदलणं, बहुतेक बाळंतपणं, यांतलं बहुतेक काम आठवडे किंवा महिने आधी माहीत असतं. तिथे बाजार चालू शकतो. आम्हाला त्या सहा महिन्यांत भाव मिळाला नाही, म्हणून आम्ही ढकलत ढकलत त्या रात्रीपर्यंत पोचलो जिथे बाजार चालत नाही.

म्हणजे लपलेल्या भावाचं नुकसान फक्त खिशाला होत नाही. ते शरीरालाही होतं. आज मला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याची फोड.

"प्रत्येक पेशंट वेगळा असतो"

हे उत्तर मला नऊपैकी निम्म्या फोनवर मिळालं. खरं आहे, प्रत्येक पेशंट वेगळा असतो.

आमच्या क्षेत्रातलं सांगतो. आम्ही क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतो. महिन्याअखेरीस बिल किती येईल हे नक्की कुणालाच सांगता येत नाही, कारण किती लोक ॲप वापरतील ते माहीत नसतं. पण एका तासाचा दर किती, साठवणुकीचा किती, हे सगळं जाहीर असतं. शिवाय अंदाज काढायला कॅल्क्युलेटर दिलेला असतो. बिल अनिश्चित असणं वेगळं आणि दर लपवणं वेगळं.

हॉस्पिटलही हे करू शकतं. साध्या हर्नियाचं पॅकेज इतकं, त्यात हे हे धरलंय. गुंतागुंत झाली तर आयसीयूचा दिवस इतक्याचा. यात अशक्य काय आहे? अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा म्हणून एक ठिकाण आहे. १९९७ मध्ये दोन भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सुरू केलं. त्यांनी ऑपरेशनचे सगळं धरून दर वेबसाइटवर टाकले. कोणत्या सांध्याचं ऑपरेशन, किती डॉलर, बस्स. अमेरिकेतली बिलं जगात बदनाम आहेत, आणि तिथेच हे चाललंय. कोणत्याही कायद्याने त्यांना तसं करायला लावलेलं नव्हतं.

आपल्याकडेही काही कोपरे आहेत. चष्मा घालवायच्या लेसर ऑपरेशनचा भाव विचारून बघा, फोनवर सांगतात. रक्ताच्या तपासण्या ॲपवर भावासकट दिसतात, घरी येऊन सॅम्पल नेतात, सूट देतात. दातांच्या डॉक्टरकडे रूट कॅनालचा भाव आधी कळतो. या तिन्हीत साम्य काय? इथे बहुतेक लोक स्वतःच्या खिशातून पैसे देतात आणि दुसरीकडे जायला मोकळे असतात. म्हणून समोरच्याला भाव सांगावा लागतो.

उलटा बाजार: स्टेंटची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सरकारने दर ठरवून द्यावेत ना. आपल्याकडे तो प्रयोग झालाय. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा स्टेंट घ्या.

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटसाठी लोक लाखाच्या वरही मोजत होते. प्राधिकरणाने हिशेब तपासले तेव्हा कळलं की सगळ्यात मोठा नफा हॉस्पिटलच्या पातळीवर निघतोय, काही ठिकाणी ६०० टक्क्यांच्याही वर.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया येते, लूट आहे, बरं झालं मर्यादा आणली. माझीही तीच होती. पण थोडं थांबून विचारा, स्टेंट बनवणाऱ्या कंपन्या कितीतरी होत्या. मग स्पर्धेने भाव खाली का आला नाही?

कारण स्पर्धा उलटी चालली होती. स्टेंट निवडतं हॉस्पिटल, पैसे देतो पेशंट. कंपनीला हॉस्पिटलला खूश करायचं असतं. छापील किंमत जितकी जास्त, तितका हॉस्पिटलला सुटणारा पैसा जास्त. त्यामुळे कंपन्या छापील किंमत चढवत एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. पेशंट टेबलावर झोपलेला, त्याला विचारतंय कोण? दलाल आपल्या बाजूचा नसला की काय होतं हे बाबांना विचारा, ते अर्धा तास बोलतील.

मर्यादा आणल्यावर स्टेंट स्वस्त झाला. हजारो लोकांचे पैसे वाचले, ते मी नाकारत नाही. पण निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, ही मूळ गाठ तशीच राहिली. काही परदेशी कंपन्यांनी आपले वरच्या दर्जाचे स्टेंट भारतातून मागे घ्यायला परवानगी मागितली. आणि स्टेंट ही बिलातली एक ओळ होती. प्रोसिजरचा चार्ज, रूमचा चार्ज, बाकी सामान, या ओळींवर ती मर्यादा नव्हती.

कोविडमध्ये महाराष्ट्राने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मे २०२० मध्ये खासगी हॉस्पिटलातल्या ८० टक्के खाटांसाठी दर ठरवले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. पीपीई किट त्या दरात धरलेले नव्हते. मग त्या काळातली बिलं आठवा. पीपीई किटांच्या ओळीच ओळी! साथीच्या आणीबाणीत दर बांधणं मी समजू शकतो, त्यावर वाद घालत नाही. पण फुगा एका जागी दाबला की दुसरीकडे फुगतो, हे आपण सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

इन्शुरन्स, म्हणजे "तुम्हाला काय फरक पडतो?"

आता तो फोनवरचा पहिला प्रश्न. "इन्शुरन्स आहे का?" तो का विचारतात? कारण इन्शुरन्स असला की गिऱ्हाईक भाव करत नाही. काउंटरवर आपणच म्हणतो, जाऊ दे, कॅशलेस आहे.

माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आई-बाबांना ३ लाखांचं कव्हर होतं. मी निवांत होतो, ३ लाख आहेत, बिल २ लाख ८६ हजार, बसलं! प्रत्यक्षात कंपनीने दिले साधारण १ लाख ६६ हजार. उरलेले १ लाख २० हजार आमचे.

कसं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पॉलिसीत हे असेल आणि तुम्ही वाचलं नसेल. पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा होती, कव्हरच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. त्या दिवशी रिकामी रूम होती ५,००० ची. मला वाटलं, वरचे २,००० गुणिले सहा, १२ हजार जातील. तसं नसतं. ३,००० म्हणजे ५,००० च्या ६० टक्के. म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्या १ लाख १० हजारांपैकीही त्यांनी ६० टक्केच मान्य केले, ६६ हजार. औषधं, तपासण्या, आयसीयू यांना ही कात्री लागत नाही, २०२० पासून तसा नियम आहे. मग ग्लोव्ह्ज वगैरे सामानाचे २२ हजार नामंजूर. आणि शेवटी पालकांच्या क्लेममध्ये २० टक्के आपण भरायचे, ही अट वेगळी.

इन्शुरन्सवाल्यांना मी शिव्या घातल्या. मग विचार केला, रूमच्या भाड्यावरून ते सर्जनची फी का कापतात? कारण आपल्याकडे बऱ्याच हॉस्पिटलांत रूम महाग घेतली की सर्जनची फीसुद्धा वाढते. सर्जन तेच, हात तेच, थिएटर तेच, हर्निया तोच. रूमवरून ते तुमची ऐपत ओळखतात. खरा भाव लपवला, म्हणून ऐपतीवर भाव. ऐपतीवर भाव, म्हणून इन्शुरन्सची कात्री. आणि कात्री लागते ती कुणाला? ज्याने यातलं काहीच ठरवलं नाही त्याला.

अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत रँड संस्थेने हजारो लोकांवर मोठा प्रयोग केला. काहींना उपचार पूर्ण फुकट, काहींना खर्चाचा काही हिस्सा स्वतः द्यावा लागे. फुकटवाल्यांनी बऱ्यापैकी जास्त सेवा वापरल्या, पण सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक दिसला नाही. मात्र एक अपवाद होता आणि तो मी लपवणार नाही. गरीब आणि आधीच आजारी लोकांना, उदाहरणार्थ रक्तदाबवाल्यांना, फुकट उपचारांचा फायदा झाला. म्हणजे सगळ्यांनाच सगळं फुकट देणं हे उत्तर नाही, आणि गरिबाला वाऱ्यावर सोडणं हेही नाही.

मग गरिबांचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो, आणि यायलाच पाहिजे.

आधी एक गोष्ट मदुराईची. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर ११ खाटांचं डोळ्यांचं हॉस्पिटल काढलं, अरविंद. मोतीबिंदूची ऑपरेशनं त्यांनी अशी बसवली की एका सर्जनच्या वेळात कितीतरी जास्त ऑपरेशनं व्हावीत. डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून आणणं परवडेना, म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वतः बनवायला लागले आणि किंमत कितीतरी पटींनी खाली आणली. तिथे काही लोक पैसे देतात, काहींचं फुकट होतं, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पैसे देणाऱ्यांच्या कमाईवर फुकटवाल्यांचं काम चालतं. दर बांधून द्या, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खर्च कमी करायची इच्छा होती आणि करून बघायची मोकळीक होती.

दुसरं, सरकारचा पैसा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली, तिचं नाव महात्मा जोतीराव फुले यांच्यावरून ठेवलं गेलं. आमच्या वेळी आमचं रेशनकार्ड पांढरं असल्यामुळे आम्ही त्यात बसत नव्हतो. २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती खुली करायचं आणि कव्हर ५ लाख करायचं ठरलं. यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. पैसा पेशंटच्या मागे जातो, आणि पेशंट सरकारी किंवा खासगी हॉस्पिटल निवडू शकतो. न पटणारी गोष्ट म्हणजे दर सरकार ठरवतं. दर कमी ठेवला की हॉस्पिटलं ते ऑपरेशन टाळतात किंवा योजनेतच येत नाहीत. मग कार्ड हातात असतं आणि खाट मिळत नाही.

सिंगापूरने वेगळा मार्ग काढला. १९८४ पासून पगारातला एक हिस्सा मेडिसेव्ह या तुमच्या स्वतःच्या आरोग्य खात्यात जातो. मोठ्या आजारासाठी १९९० पासून वेगळा विमा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी १९९३ पासून सरकारी निधी. आणि कोणत्या हॉस्पिटलात कोणत्या ऑपरेशनचं बिल साधारण किती होतं, ते सरकार जाहीर करतं. लगेच सांगून टाकतो, सिंगापूर म्हणजे शुद्ध बाजार नाही. तिथे मोठी हॉस्पिटलं सरकारी आहेत आणि अनुदानही भरपूर आहे. पण सरकारने मदत करावी आणि तरीही माणसाला भाव दिसावा, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, एवढं त्यातून दिसतं.

डॉक्टर लुटारू आहेत का?

नाही. डिस्चार्जच्या दिवशी मी सर्जनना विचारलं, "सर, हेच ऑपरेशन जुलैमध्ये केलं असतं तर किती खर्च आला असता?" ते म्हणाले, "खरं सांगू का, मलाच माहीत नसतं. माझी फी मला माहीत आहे. बाकी बिलिंग बघतं." ज्याने ऑपरेशन केलं त्यालाही भाव माहीत नाही! यात लबाडी शोधण्यापेक्षा मला व्यवस्थेतला दोष दिसतो. भाव सांगितल्याने कुणाचा फायदा होत नाही आणि न सांगितल्याने कुणाचं नुकसान होत नाही, अशी ती व्यवस्था आहे. नुकसान होतं ते पेशंटचं, आणि पेशंट आयुष्यात एकदोनदाच येतो.

म्हणून मला दर ठरवणारं सरकार नको, पण जाहीर केलेला दर पाळायला लावणारं सरकार हवं. बाजाराला तेवढी चौकट लागतेच. सुताच्या बाजारातसुद्धा वजनकाटा तपासायला माणूस येतो, पण भाव तो ठरवत नाही.

आणि गंमत बघा, नियम आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाला. त्यानुसार हॉस्पिटलने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला पाहिजे. मला हे बाबांच्या ऑपरेशननंतर कळलं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात जाऊन बघा, ते कुठे लावलंय आणि त्यावर ऑपरेशनचा खर्च समजतो का.

तुम्ही काय करू शकता

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. घरात ठरवून करायचं ऑपरेशन असेल, तर ॲडमिट होण्याआधी हे पाच प्रश्न विचारा. मी ते फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेत.

१. पॅकेज लेखी द्याल का? त्यात सर्जन, भूल, थिएटर, औषधं, सगळं धरलंय का?
२. रूम बदलली तर सर्जनची फी बदलते का?
३. जाळी, लेन्स, इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, आणि त्याची वेगळी किंमत किती?
४. औषधं आणि तपासण्या बाहेरून केल्या तर चालतील ना? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क आहे.
५. गुंतागुंत झाली तर आयसीयूचा एक दिवस किती रुपयांचा?

आणि सहावी गोष्ट स्वतःसाठी. पॉलिसीत "रूम रेंट" हा शब्द शोधा. आजच. हा भाग संपल्यावर लगेच.

जिथे नीट उत्तर मिळेल त्या हॉस्पिटलबद्दल चार जणांना सांगा. दर सांगणाऱ्याकडे पेशंट जास्त जातात हे बाकीच्यांना दिसलं की तेही सांगायला लागतील. नुसत्या जीआरने हे होईल असं मला वाटत नाही.

मागच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं निघालं. बाबांनी मला शीट बनवू दिली नाही. स्वतः वही घेऊन बसले, सहा ठिकाणी फोन केले, लेन्सचं नाव, फी, किती वेळा तपासायला यायचं, सगळं लिहून काढलं. चार ठिकाणी नीट भाव मिळाले. त्यांतलं सगळ्यात स्वस्त नाही, सगळ्यात महागही नाही, मधलं एक निवडलं. आठ दिवसांत ऑपरेशन झालं. बिल आलं ते सांगितलं होतं तेवढंच.

तर मंडळी, आज एवढंच. तुम्हाला भाव विचारल्यावर काय उत्तर मिळालं ते कळवा, हॉस्पिटलचं आणि पेशंटचं नाव न घालता. काळजी घ्या, आणि ठरवलेलं ऑपरेशन असेल तर पुढे ढकलू नका. भेटू पुढच्या भागात.